गावाचे नाव घेऊन आलेले देव

आमच्या सत्तरीत एखाद्या देवाचे गाव विचारले तर पुष्कळदा दोन उत्तरे मिळतात. "आता इथला, पण मूळचा तिकडला." 'तिकडला' म्हणजे बहुधा तिसवाडी, बार्देश नाही तर सासष्टी. बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांतील कितीतरी मराठी घरांची कुळदैवते गोव्यात आहेत. ही मंडळी वर्षा-दोन वर्षांनी नवस फेडायला येतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि परत फिरतात. ज्या देवापुढे आपण हात जोडले तो स्वतःच एके काळी घरदार सोडून नदी ओलांडून आलेला आहे, हे मात्र घरातल्या लहानांना सहसा कोणी सांगत नाही. ते सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी राहतो त्या वाळपईला कोणी तीर्थक्षेत्र म्हणणार नाही. तालुक्याचे बाजाराचे गाव ते. मारुतीचे देऊळ, इगर्ज, मशीद, नगरपालिका, आणि गावाला लागून नाणूसचा किल्ला. याच किल्ल्यावर दीपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी ताबा मिळवला आणि पुढची तीन-साडेतीन वर्षे पोर्तुगीज सरकारला स्वस्थ बसू दिले नाही. पण वाळपईचे खरे महत्त्व तिच्या जागेत आहे. खानापूरच्या रानात उगम पावलेली म्हादई आमच्या सत्तरीतून वाहत जाते, खाली तिचीच मांडवी होते आणि दिवाडी बेटाला वळसा घालून ती समुद्राला मिळते. गोव्यातील देवांच्या स्थलांतराची कथा या नदीच्या दोन्ही काठांवर लिहिलेली आहे.

वाळपईपासून सात-आठ किलोमीटरवर ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे. तिथे ब्रह्मदेवाचे मंदिर आहे. ब्रह्मदेवाची पूजा होणारी देवळे आपल्या देशात फारच थोडी, म्हणून दुरून माणसे मुद्दाम पाहायला येतात. काळ्या पाषाणातील कदंबकालीन उभी मूर्ती. समोरून तीन मुखे दिसतात, मधल्या मुखाला दाढी. मूर्ती पाहून लोक थक्क होतात. मला मात्र गावाच्या नावाचे कौतुक अधिक वाटते. जुन्या गोव्याजवळ, तिसवाडीत, करमळी नावाचे गाव आहे. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना ते स्टेशनच्या पाटीवरून ठाऊक असेल. सोळाव्या शतकात तिथली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी ही मूर्ती उचलली आणि रानातून, नद्या ओलांडून, सत्तरीच्या डोंगरांच्या कुशीत आणली. मूर्तीबरोबर त्यांनी गावाचे नावही आणले. घर आणता येत नाही, शेत आणता येत नाही, तळे आणता येत नाही. नाव आणता येते. ते त्यांनी देवाच्या नावाला जोडून इथल्या मातीत रुजवले.

हेच नदीच्या खालच्या अंगाला, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला घडले. मूळचे नार्वे दिवाडी बेटावर. तिथे सप्तकोटीश्वराचे देवस्थान होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे दैवत. बाराव्या शतकातला शिवचित्त परमदिदेव आपल्या सोन्याच्या नाण्यांवर 'सप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद लाभलेला' असे बिरुद कोरून घेत असे. ज्या देवाचे नाव नाण्यावर, तो नुसता गावाचा देव राहत नाही; तो राज्याचा साक्षीदार होतो. म्हणूनच राज्ये बदलली की पहिला घावही अशाच देवावर पडतो. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत हे देऊळ मोडले. पुढे विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा जिंकला आणि देवस्थान पुन्हा उभे केले. त्यानंतर पोर्तुगीज आले आणि १५४० साली तिसवाडीतील देवळांवर कुऱ्हाड पडली, तीत सप्तकोटीश्वरही गेला. देवाचे लिंग विहिरीच्या रहाटाला लावले होते, तिथून ते भक्तांनी रातोरात पळवून पैलतीरी नेले, अशी कथा सांगतात. पैलतीरावर जिथे त्याची स्थापना झाली, त्या जागेलाही लोक नार्वेच म्हणू लागले. आज दिवाडीहून फेरीबोटीत बसले की एका नार्व्याहून दुसऱ्या नार्व्याला काही मिनिटांत पोहोचता येते. देवाला आणि त्याच्या माणसांना तेवढे पाणी ओलांडायला पिढीचे धैर्य लागले.

पैलतीर म्हणजे त्या वेळी कोणाचा मुलूख? विजापूरच्या आदिलशहाचा. मागे एका सुलतानाच्या फौजांनी ज्या देवाचे घर मोडले, त्यालाच पुढे दुसऱ्या सुलतानाच्या राज्यात आसरा मिळाला. इतिहास असा सरळ रेघेत चालत नाही. त्याला एकाच रंगात रंगवू पाहणाऱ्यांनी नार्व्याची ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

यानंतरचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. छत्रपती शिवाजी महाराज १६६८ साली डिचोली भागात असताना त्यांनी या देवालयाच्या उभारणीची आज्ञा केली. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी कामाला आरंभ झाल्याचे सांगणारा शिलालेख मंदिराच्या दारावर आहे. कौलारू उतरते छप्पर, वर घुमट, पुढे दीपमाळ, गाभाऱ्यात पैलू असलेले धारालिंग. गोमंतकीय देवळांची जी घडण आपण ओळखतो, तिचा हा एक जुना नमुना.

शिलालेखापाशी फोटो काढले जातात, आणि ते योग्यच आहे. पण मला नेहमी त्या शिलालेखाच्या अलीकडची शंभर-सव्वाशे वर्षे आठवतात. १५४० आणि १६६८ यांच्यामध्ये चार-पाच पिढ्या होऊन गेल्या. त्या काळात या देवाला ना राजाश्रय होता, ना शिखर. रोजचे पाणी, फूल, दिवा एवढेच. तो दिवा कोणी लावला, तेल कोणाच्या घरचे होते, आलेल्या देवाला गावाने जागा दिली तेव्हा कोणाची जमीन गेली, याचा शिलालेख नाही. महाराजांनी देऊळ बांधले. पण बांधायला देव तिथे शिल्लक होता, तो या बिननावाच्या माणसांमुळे. ब्रह्मकरमळीला तर असा कोणी राजा आलाच नाही. तिथे सगळे श्रेय गावाचेच आहे.

ही गोष्ट एकट्या गोव्याची नाही. पोलंडमध्ये चेंस्तोखोवा नावाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. तिथे १३८२ साली टेकडीवर मठ स्थापन झाला. त्यातील सावळ्या मेरीमातेचे चित्र हे साऱ्या देशाचे दैवत. १६५५ साली स्वीडनच्या फौजेने मठाला सुमारे चाळीस दिवस वेढा घातला, आणि मठ पडला नाही. पोलिश माणूस हे अभिमानाने सांगतो. पण वेढा पडण्यापूर्वीच मूळ चित्र गुपचूप दूर हलवले होते, ही बाजूही तितकीच खरी आहे. तटबंदी तिथे राहिली, देवता प्रवासाला गेली आणि संकट टळल्यावर परतली. आमच्याकडे तेराच वर्षांनी नार्व्याला देऊळ उभे राहिले. फरक इतकाच की आमचे देव परतले नाहीत. जिथे गेले तिथलेच झाले.

पुढे १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणेही पोर्तुगीजांच्या हाती गेले. ज्यांच्या भयाने देव नदीपार आले, तेच राज्यकर्ते दोनशे वर्षांनी नदीपार आले! पण तोवर काळ पालटला होता. नव्या प्रजेच्या धर्माला हात न लावण्याचे आश्वासन त्यांना द्यावे लागले, आणि या नव्या काबिजादीतील देवळे वाचली. नाणूसचा उठाव झाला तो करांच्या बोजावरून आणि वतनी हक्कांवरून. देवळे तोवर आपल्या जागी सुखरूप होती.

गोवा सरकारने नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ते भाविकांसाठी खुले झाले. पलीकडे दिवाडीवर मूळ देवस्थानाची पायऱ्यांची तळी अजून दिसते. दगडांची काळजी सरकार घेईल, पुरातत्त्व खाते घेईल. नावांची काळजी मात्र आपल्याच घरांवर आहे. आमच्या भागात घरी बोलणे कोकणीत, पोथी मराठीत. घाटावरच्या आमच्या सोयऱ्यांकडे शाळा कानडीत. एवढ्या भाषांच्या दळणवळणात देवाचे नाव टिकते, पण 'मूळचा तिकडला' हे दोन शब्द गळून पडतात. ते गळले की करमळी हे निव्वळ रेल्वेचे स्टेशन उरते आणि दोन नार्वी म्हणजे नकाशातली चूक वाटू लागते.

म्हणून सुचवावेसे वाटते ते इतकेच. पुढच्या खेपेला कुळदेवाला जाल तेव्हा पुजाऱ्यांना, महाजनांना, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा: देव मूळचा कुठला, कोणत्या वाटेने आला, वाटेत कुठे थांबला, पहिली जागा कोणी दिली. जे सांगतील ते घरच्या वहीत तारीख घालून उतरवून ठेवा. नंतर सवड काढून मुलांना त्या मूळ गावीही घेऊन जा. तिथे आज देऊळ नसेल. एखादे तळे असेल, एखादी इगर्ज असेल, आणि गावाचे नाव नक्की असेल.