काळी आई आणि गोरी सून

आमच्या गांवगाड्याच्या जुन्या भाषेंत गांवाचे दोन भाग मानलेले आहेत : एक पांढरी व दुसरी काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं ज्याची जमीन काळीभोर, त्याच्या घरीं मुलगी देण्यास वधूपिता सहसा कां-कूं करीत नाहीं. कपाशीला व केळीला ती माती मानवते. शेतकरी तिला 'काळी आई' म्हणतो आणि तिच्या रंगावरून तिची किंमत करितो. पण त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर लग्नाचीं बोलणीं निघालीं म्हणजे काळ्या रंगाचा भाव एकाएकीं उतरतो. जमीन काळी हवी, सून गोरी हवी! देव्हाऱ्यांतील विठोबा सांवळा चालतो, नव्हे, सांवळा म्हणूनच तो अधिक प्रिय होतो. परंतु पाटावर बसलेली मुलगी सांवळी असली कीं पाहुण्यांची मुद्रा गंभीर होते. या विसंगतींतून जो एक घरगुती उद्योग वाढीस लागला, त्याचा इतिहास व परिणाम यांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयावर बोलणारा मनुष्य बहुधा प्रथम हंसतो. 'बायकांची नटण्याची हौस' असें म्हणून तो मोकळा होतो. आम्हांस हा निकाल अन्यायाचा वाटतो. थोड्या दिवसांपूर्वीं शिरपुरांतील एका परिचिताच्या घरीं आम्ही गेलों होतों. थोरल्या मुलीस पाहण्यास पाहुणे यावयाचे होते. कोनाड्यांत एक लहानशी पांढरी डबी होती. तिच्यावर ना नांव, ना पत्ता, ना आंत काय आहे याचा उल्लेख. विचारतां मुलीची आई म्हणाली, "घरगुतीच आहे, भाऊ. ओळखीच्या एक बाई करून देतात. पंधरा दिवसांत फरक दिसतो." त्यांत काय घालतात, या प्रश्नास उत्तर नव्हतें. आम्हीं अधिक खोदून विचारलें, तेव्हां त्या माउलीनें डोळे वर न करतां सांगितलें, "एवढें लग्न जमूं द्या, मग फेकून देऊं." पदवीधर झालेली मुलगी दाराआड उभी होती, ती कांहींच बोलली नाहीं. आईच्या त्या वाक्यांत हौस कोठेंच नव्हती, हिशेब होता.

ज्या शब्दाच्या भरंवशावर ती डबी त्या कोनाड्यांत आली, तो 'घरगुती' हा शब्द मूळचा मोठा सात्त्विक आहे. हळद, डाळीचें पीठ, मसुरीचें पीठ, साय, चंदन यांचें उटणें नरकचतुर्दशीच्या पहांटेस, बाळंतिणीच्या न्हाणीघरांत व लग्नाच्या आदल्या दिवशीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. त्याचें काम अंगावरचा मळ, तेलकटपणा व मेलेली त्वचा काढून टाकण्याचें. त्यांत विषारी असें कांहीं नव्हतें, कारण त्यांतील बहुतेक वस्तु ताटांतही वाढल्या जात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौथ्या अध्यायांत 'वर्ण्य' म्हणून दहा औषधींचा एक गण सांगितला आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, उपळसरी या त्यांतीलच होत. वर्ण्य म्हणजे वर्णास हितकर. ज्याचा जो वर्ण आहे तो निरोगी व सतेज ठेवणारें. काळ्यास गोरें करणारें, असा अर्थ त्या शब्दांत नाहीं.

घोटाळा केला तो 'उजळणें' या क्रियापदानें. तांब्याचें भांडें चिंचेनें उजळतें, कारण त्यावरचा काळेपणा वरवरचा असतो. तो निघाला कीं खालीं तांबें आहेच. 'मुलीचा रंग उजळला' असें आपण म्हणूं लागलों, त्याच वेळीं नकळत असें मानलें कीं, काळेपणा हा मुलीवर चढलेला डाग असून आंत कोठें तरी एक गोरी मुलगी दडलेली आहे. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. त्वचेंतील पेशी मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करितात व तें द्रव्य उन्हांतील अतिनील किरण अडवून खालच्या पेशींचें रक्षण करितें. ज्या खानदेशांत उन्हाळ्यांत उष्णतामान चाळीस अंशांच्या वर सहज जातें, तेथें त्वचेचा सांवळेपणा हा मळ नसून निसर्गानें दिलेली छत्री आहे. पण एकदां ती मळ ठरली, कीं घांसण्याचा जोर वाढत जातो. मग पिठाच्या जागीं खाण्याचा सोडा येतो, सायीच्या जागीं लिंबाचा रस येतो. तो रस अंगावर राहून वर ऊन लागलें, तर त्यांतील कांहीं द्रव्यांमुळें त्वचा भाजते, फोड येतात आणि फोड बरे झाल्यावर पूर्वींपेक्षां अधिक काळे डाग मागें राहतात.

पुढची पायरी मुंबईच्या बाजारानें घातली. 1919 सालीं ई. एस. पाटणवाला यांनीं 'अफगाण स्नो' काढला व मध्यमवर्गीय घरांतील आरशापुढें त्यास लवकरच मानाची जागा मिळाली. या जातीच्या स्नोनें चेहऱ्यावर एक बारीक पांढुरकी झांक येई. तोंड धुतलें कीं ती जाई. रंग झांकला जात असे, बदलत नसे. 1975 सालीं 'फेअर अँड लव्हली' आली आणि वचनच बदललें : आतां झांकणें नव्हे, गोरें करणें! तिच्यांतील नायसिनामाइड हा ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार आहे; तो रंगद्रव्य वरच्या पेशींत जाण्यास कांहींसा अडथळा करितो आणि त्याचा परिणाम सौम्य असतो. परंतु सांवळ्या मुलीचें लग्न अडतें, नोकरी अडते आणि मलम लावतांच दोन्हीं जुळून येतात, ही कथा जाहिरातींनीं घरोघर पोंचविली. 2005 पासून पुरुषांसाठींही निराळीं क्रीमें निघालीं. पुढें 2020 सालीं 'फेअर' हा शब्द त्या नांवांतून गाळून तेथें 'ग्लो' घालण्यांत आला. नांव बदललें, पंचेचाळीस वर्षें कानांवर पडलेली कथा मात्र बदलली नाहीं. सौम्य परिणामानें ज्यांचें समाधान झालें नाहीं, त्यांच्यासाठीं बिननांवाची डबी तयारच होती.

त्या डबींत पुष्कळदां काय असतें, हें आतां रुग्णालयांनीं दाखवून दिलें आहे. एक तर पारा. गोरेपणासाठीं विषारी धातु अंगास फांसण्याचा प्रकार आपल्याकडेच झाला असें नाहीं. युरोपांतील उच्च कुळांतील स्त्रिया शिशाचा सफेदा तोंडास लावीत. आपल्या रूपाविषयीं प्रसिद्ध असलेली कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया ही 1760 सालीं अवघ्या 27 व्या वर्षीं वारली, ती या सफेद्यामुळेंच, असें मानलें जातें. शिशाच्या सफेद्यानें रंग झांकला तरी जात असे. पारा त्याहून एक पाऊल पुढें जातो. मेलॅनिन तयार होण्यास टायरोसिनेज नांवाचें जें विकर लागतें, त्याचें काम पाऱ्याचे क्षार बंद पाडतात, आणि त्वचा खरोखरच फिकी पडते. येथेंच खरा धोका आहे. जें औषध कांहींच करीत नाहीं, त्यापासून मनुष्य लवकर सुटतो; जें आठपंधरा दिवसांत गुण दाखवितें, तें सुटत नाहीं. त्यांतून तें थांबविलें कीं रंग परत येतो. म्हणून 'लग्न जमेपर्यंत' म्हणून आणलेली डबी लग्नानंतरही चालूच राहते.

मधल्या काळांत पारा त्वचेंतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत उतरतो. तेथील गाळणी बिघडली कीं शरीरांतील प्रथिन लघवीवाटें जाऊं लागतें; लघवीस फेंस येतो, पाय सुजतात, सकाळीं उठल्यावर डोळ्यांभोंवतीं सूज दिसते. पूर्व आफ्रिकेंतील नैरोबी येथें 1972 सालीं अशा 60 रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक रोगी पाऱ्याचीं गोरेपणाचीं क्रीमें वापरीत असल्याचें आढळलें. आपल्याकडे 2021 ते 2023 या काळांत केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांतील डॉक्टरांनीं मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रोगी अभ्यासिले. त्यांपैकीं 15 जणांत एक विरळा प्रकार सांपडला, आणि त्या 15 पैकीं 13 जणांनीं गोरेपणाचें क्रीम वापरल्याचें सांगितलें.

हें दूरचें झालें असें कोणी म्हणेल, तर शिरपुरापासून फारशा लांब नसलेल्या अकोल्याचीच गोष्ट घ्या. तेथील एका विद्यार्थिनीनें स्थानिक सौंदर्यव्यवसायिकेकडून एक क्रीम आणलें. चेहरा उजळला. तो पाहून आई व बहीणही तेंच क्रीम लावूं लागल्या. कांहीं महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत शोध घेतां क्रीममध्यें पाऱ्याचें प्रमाण भयंकर आढळलें. 2023 च्या आरंभीं हा प्रकार वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाला. एका घरांतील तिघी एकदम आजारी पडल्या नसत्या, तर कारण शोधण्याचें कोणाच्या मनांत तरी आलें असतें काय? शिवाय हा पारा लावणारीपुरता राहत नाहीं. टॉवेल, उशी व हात यांच्या द्वारें तो घरांतील इतरांकडे, अगदीं मांडीवरच्या मुलाकडेही जातो.

दुसरें द्रव्य स्टिरॉइड. खरूज-गजकर्णावरचें मलम कोणी सुचविलें म्हणून, किंवा स्नोमध्यें मिसळून, चेहऱ्यास फांसण्याची रीति आपल्या देशांत फार पसरली आहे. भारतांतील त्वचारोगतज्ज्ञांनीं 2011 सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पाहणींत चेहऱ्याच्या विकारांचे 2926 रोगी तपासले होते. त्यांपैकीं 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावीत होते, आणि त्यांतील 126 जण तें गोरेपणाचें अथवा रोजच्या वापराचें क्रीम म्हणून लावीत होते. प्रथम चेहरा गुळगुळीत व गोरा होतो. मग त्वचा कागदासारखी पातळ होते, बारीक तांबड्या शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या व लव येते, आणि मलम थांबवितांच तोंडाची आग होते. ती आग शमविण्यास पुन्हां तेंच मलम लावावें लागतें! 2018 सालीं केंद्र सरकारनें अशीं 14 मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला.

कायदा आपल्या परीनें जागा आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें पारा घालून प्रसाधन बनविण्यास आपल्या देशांत मनाई असून, डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षां अधिक चालत नाहीं. परंतु कायद्यास दुकान लागतें, कारखाना लागतो, निदान वेष्टणावर एक नांव लागतें. ओळखीच्या बाईनें ओळखीच्या घरीं पोंचविलेल्या डबीवर कायद्यानें हात कोठें ठेवावा? 'घरगुती' हा शब्द येथें ढालीसारखा उपयोगी पडतो. आजीच्या उटण्यानें कमावलेला विश्वास पाऱ्याच्या नांवें जमा होतो. म्हणून वाचकांनीं एवढें तरी ध्यानांत धरावें : ज्या मलमावर घटकांची यादी नाहीं व जें थोड्या दिवसांत रंग फिका करितें, तें घरगुती नव्हे; आणि असें कांहीं लावलेल्या कोणाच्या पायांवर सूज दिसली, तर लघवीची तपासणी करून घ्यावी व डॉक्टरांस ती डबीच नेऊन दाखवावी. विकार वेळीं ओळखला व मलम सोडलें, तर पुष्कळजण बरे होतात. ज्या शिरपुरांत 1992 पासून औषधनिर्माणशास्त्राचें महाविद्यालय चाललें आहे, तेथें तरी ही माहिती घरोघर जाण्यास अडचण पडूं नये.

पण माहितीनें सारें काम भागेल असें आम्हांस वाटत नाहीं. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालींच झाला. तरीही जेथें देण्याघेण्याचा हिशेब चालतो, तेथें मुलीचा सांवळा रंग तिच्या बापाच्या अंगावर रकमेच्या रूपानें येतो. मुलीचें शिक्षण, तिचा स्वभाव, तिची नोकरी यांची चौकशी मागाहून. परिचयपत्रांत 'वर्ण : गोरा' किंवा फार तर 'गव्हाळ' हें आधीं. अशा बाजारांत उभ्या असलेल्या आईनें दहा वर्षांनंतरच्या मूत्रपिंडाची काळजी करावी, कीं पुढच्या रविवारीं येणाऱ्या पाहुण्यांची? तिला अडाणी म्हणणें सोपें आहे. पण तिचा हिशेब चुकीचा असला, तरी त्यांतले आंकडे आपणच पुरविलेले आहेत.

आम्हीं त्या घरीं वरील सर्व हकीकत जमेल तितक्या सौम्यपणें सांगितली व ती डबी मागून घेतली. त्या माउलीनें ती निमूटपणें दिलीही. मात्र देतांना तिनें विचारलें, "आणि पाहुण्यांना काय सांगाल, भाऊ?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कारण दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यासाठीं स्थळ पाहण्यास आम्हीच पाहुणे म्हणून एका घरीं गेलों होतों, आणि निघण्यापूर्वीं मध्यस्थास बाजूस घेऊन, "मुलगी उजळ आहे ना?" असें विचारणारे आम्हीच होतों. त्या प्रश्नानंतर त्या घरींही एखादी पांढरी डबी आली असेल काय, हें आम्हांस ठाऊक नाहीं. काळ्या आईच्या जिवावर जेवणाऱ्या आपणां लोकांनीं हा एक प्रश्न विचारण्याचें सोडलें, तर कोनाड्यांतील पुष्कळशा डब्या आपोआप रिकाम्या होतील.