धुळाक्षरे आणि चिंचोके : मराठी अक्षरओळखीच्या खेळांचा इतिहास

मराठीत कामाच्या आरंभाला 'श्रीगणेशा', 'ओनामा' किंवा 'धुळाक्षरे' म्हणतात. तिन्ही शब्द पंतोजींच्या शाळेची आठवण ठेवून आहेत. शिक्षणाची सुरुवात गणेशाला नमन करून होई. 'ओनामासीधं' हे 'ॐ नमः सिद्धम्'चे मुलांच्या तोंडी रुळलेले रूप. पहिली अक्षरे लाकडी पाटीवर पसरलेल्या बारीक धुळीत काढायची, म्हणून ती धुळाक्षरे. चुकले की पाटी हलवायची, धूळ सारखी करायची आणि पुन्हा काढायचे. कागद महाग असण्याच्या काळात धूळपाटी फुकटात मिळे, आणि चुकण्याची भीतीही तिच्यात मुरून जाई. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून पुजण्याची प्रथा घरोघरी होती. अक्षर येण्याआधीच मुलाचा हात त्या निमित्ताने वळत असे.

साधन असे खेळकर असले तरी शिकवण्याची रीत मात्र खेळाची नव्हती. पंतोजी कित्ता घालून देत आणि मुले तो हात बसेपर्यंत गिरवत. मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, असा क्रम ठरलेला असे. वर्णमालेचा हा क्रम शास्त्रशुद्ध आहे, पण तो कानाचा आणि मुखाचा आहे. क, ख, ग, घ, ङ हे कंठातले वर्ण एका ओळीत येतात, कारण त्यांचे उच्चारस्थान एक. त्यांच्या आकारांत असे साम्य नाही. पहिल्याच दिवशी 'क' काढणाऱ्या मुलाला गाठ, दांडा आणि शेपूट एकदम सांभाळावे लागते.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते सुरू झाले आणि क्रमिक पुस्तके पसरली. धूळपाटीच्या जागी दगडी पाटी आली. छपाईमुळे बाळबोध लिपीचे वजन वाढले. मोडी आधी कारभारातून आणि पुढे शाळेतूनही मागे पडली. पुस्तकांबरोबर चित्रांचे तक्ते आले आणि 'क कमळाचा' घरोघरी पोचला. चित्रामुळे आवाज लक्षात राहिला, पण हाताला त्याची फारशी मदत झाली नाही.

हाताचा विचार बालशिक्षणाच्या चळवळीने केला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले. तिथे खरखरीत कागदाची अक्षरे मुले दोन बोटांनी चाचपत आणि त्याच वेळी त्यांचा आवाज उच्चारत. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी मराठीत आणली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम हाती घेतले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. विकतची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, पाने, खडे, शिंपले आणि माती यांनी घेतली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून 'अंगणवाडी' आकाराला आली.

अक्षरांचा क्रमही याच सुमाराला नव्याने पाहिला जाऊ लागला. सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेतली तर एकाच्या सरावावर दुसरे येते. ग, म, भ, न हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध गट. उभा दांडा आणि त्याच्या डावीकडचा छोटा अवयव ही या चौघांतली सामाईक गोष्ट. संगणकावर मराठी लिहिण्याच्या एका सुविधेने 'गमभन' हेच नाव घेतले.

सारख्या वळणाची ही रीत दुसऱ्या अक्षरांतही कशी चालते, हे रोह्याजवळच्या वरसे गावाच्या नावावरून दाखवता येते. बाई जमिनीवर खडूने मोठा 'व' काढतात. मुले त्यावरून चालतात, आधी गोल वळण आणि मग दांडा. नंतर त्याच रेषेवर चिंचोके मांडतात. भाताच्या मुलखात ताटात तांदूळ पसरून बोटानेही तोच 'व' निघतो. ती धूळपाटीच म्हणायची. 'व' पक्का झाला की त्याच्या पोटात एक तिरपी काडी ठेवायची, तो 'ब' होतो. काडी उचलून उजवीकडे मातीच्या वळीची शेपटी लावली की 'क'. व्यंजनांत पहिला असलेला 'क' इथे तिसरा येतो आणि सोपा होऊन येतो. 'र'चेही तसेच आहे. त्याला आडवी जोड देऊन दांडा उभा केला की 'स' होतो. व, र, स ही तीन अक्षरे चिठ्ठ्यांवर लिहून हलवली की वर, सर, रस असे शब्द जुळतात. चिठ्ठ्या उलट लागून 'र'नंतर 'व' आला की मुले 'ख' वाचतात. तो घोटाळाही खेळातच उलगडतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले. २०२३ मध्ये या वयासाठी 'जादुई पिटारा' हा खेळसाहित्याचा संच निघाला. त्या पेटीत खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींची पुस्तके आहेत. चिंचोके, तांदूळ आणि माती यांना मात्र आजही पेटी लागत नाही.