बर्कलेच्या तीन फायली

संगणक चालविणारी युनिक्स ही आज्ञावली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. तिची मालकी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. परवाना घेऊन बर्कले येथील विद्यापीठाने तीत मोठी भर घातली. पुढे कीथ बॉस्टिक यांनी स्वयंसेवक मिळवून कंपनीच्या उपयुक्त आज्ञावल्या, केवळ प्रसिद्ध वर्णनांवरून, नव्याने लिहविल्या. १९९१ साली तो संग्रह सर्वांस खुला झाला. पाया परक्याचा, विटा मात्र एकेक करून बदललेल्या. मग वाडा कुणाचा?

१९९२ साली कंपनीच्या उपकंपनीने दावा लावला. विद्यापीठाने उलट दावा केला, तो आम्हांस मोठा मासलेवाईक वाटतो. बर्कलेचे लेखन खुशाल वापरा, श्रेय तेवढे द्या, अशी परवान्याची अट. कंपनीने लेखन घेतले आणि श्रेयच गाळले! म्हणजे उसनवारी दोन्ही बाजूंनी चालली होती.

१९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी ३ वगळल्या, ७० फायलींवर जुन्या मालकाची स्वामित्वसूचना घातली. एवढ्यासाठी दोन वर्षे लोक त्या संग्रहास हात लावण्यास बिचकत होते. तोवर पुष्कळ मंडळी फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सकडे वळली होती.