ओसरीवरची वैद्यकशाळा

नरकचतुर्दशीची पहाट होती. मुदखेडपासून चार कोसांवरच्या एका खेड्यात माझी थोरली मावशी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. एक मुलगा पुण्याला, दुसरा हैदराबादला. माळवदाच्या त्या जुन्या घरात ती एकटीच. अभ्यंगस्नानासाठी पाणी तापवावे म्हणून अंधारातच बाजेवरून उठली, दोन पावले टाकली आणि न्हाणीच्या दगडाशी कोसळली. देवाची कृपा, हाड मोडले नाही. परंतु त्या दिवसापासून तिने उंबरठा ओलांडणे सोडले. देवळात जाणे थांबले, शेजारणीकडे बसणे थांबले. मी भाऊबीजेला गेलो, तिची पाठ चेपून दिली आणि म्हणालो, "मावशे, आता वय झालं."

"वय झालं" हे दोन शब्द आपल्याकडे फार सोयीचे आहेत. तेच निदान, तेच औषध आणि तेच समाधान!

माघ महिन्यात त्या गावात एक गाडी आली. वैद्यकीय महाविद्यालयातली पहिल्या वर्षाची मुले-मुली त्यातून उतरली. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरे आली होती. मावशीच्या वाट्याला एक विदर्भाकडची मुलगी आली. ओसरीवर बसून तिने वही उघडली. घरात माणसे किती, चूल की गॅस, पाणी कुठले, रात्री झोप लागते का, ऐकू येते का, असे प्रश्न सुरू झाले. मावशीने बराच वेळ उत्तरे दिली आणि मग विचारले, "कामून लिहायलीस गं माय हे समदं?"

"आजी, शिकायला आले आहे. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"घ्या! मला सही येत न्हाई, अन् मी तुला काय शिकवू?"

दुसऱ्या खेपेला त्या मुलीने तिला खुर्चीवर बसवले. जमिनीवर 3 मीटरवर खडूची रेघ ओढली आणि सांगितले, "आजी, उठा, रेघेपर्यंत चाला, वळा आणि परत येऊन बसा." ही पडण्याचा धोका ओळखण्याची साधी परीक्षा. बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर सावध व्हावे असे शास्त्र सांगते. मावशी उठली आणि चालण्याआधीच भिंतीला धरून उभी राहिली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

तिसऱ्या खेपेला ती मुलगी म्हणाली, "आजी, घरात असतील-नसतील तेवढी औषधे पदरात घेऊन या." मावशीने फडताळातून एक डबा काढून पदरात रिता केला. त्यात गोळ्यांची दोन पाकिटे निघाली. रंग निराळा, नाव निराळे, परंतु खाली बारीक अक्षरांत लिहिलेले औषध एकच. रक्तदाबाची एकच गोळी मावशी दोन नावांनी, दोन वेळा घेत होती! एक पाकीट तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दिलेले. दुसरे नांदेडहून आणून दिलेले, आणि ते आणणारा मी. मुलांना धडे वाचून दाखवण्यात ज्याचा जन्म गेला, त्या मास्तराने ते पाकीट एकदाही वाचले नव्हते.

त्या मुलीने आपल्या अधिकारात काही केले नाही. आपल्या सरांना सांगितले, सरांनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना कळवले. मावशीचा रक्तदाब निजवून आणि उभे करून मोजला, तेव्हा उभे राहताच तो घसरतो असे दिसले. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. महिन्या-दीड महिन्यात अंधारी ओसरली आणि चैत्रात मावशी पुन्हा देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

मी मॅट्रिकपुढे शिकलेलो नाही. शाळेत इतिहास शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. माझ्या मनाने एकच ध्यास घेतला. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना अशी ओसरीवर बसवण्याची कल्पना पहिल्यांदा सुचली कुणाला? आणि सुचली होती, तर ती मावशीच्या ओसरीपर्यंत यायला इतकी वर्षे का लागली?

शोधता शोधता धागा एका नाशिककराशी जाऊन पोचला. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. 1943 साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1946 साली तिचा अहवाल आला. खेड्यापाड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे असावीत, हे त्या अहवालाचे म्हणणे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. डॉक्टर हा समाजाचा वैद्य व्हावा, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे. याचा एक लहानसा नमुना बंगालात आधीच उभा होता. कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने 1939 साली सिंगूर येथे खेड्यातले शिक्षणकेंद्र काढले होते.

परंतु त्या काळच्या कल्पनेत माझी मावशी नव्हती, आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात माणसाचे सरासरी आयुष्य अवघे 32 वर्षांच्या आसपास होते. देवी, पटकी, हिवताप आणि बाळंतपण यांतून वाचायचे कसे, हाच मोठा प्रश्न. म्हातारपण ही तेव्हा भाग्यवंतांची चैन होती! आमच्या मराठवाड्यात तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे राज्य. आजार आला की वैद्य नाही तर हकीम, आणि बाळंतपणाला सुईण. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते 1956 साली. मग 1974 साली अंबाजोगाईला निघाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला दिले आणि नावातच 'ग्रामीण' हा शब्द घातला. नांदेडचे महाविद्यालय 1988 चे, लातूरचे 2002 चे.

खेड्यात नुसते जाणे आणि खेड्याचे होणे यांत मात्र अंतर आहे. हे अंतर ज्यांनी मनावर घेतले, त्यांत सेवाग्रामचे नाव आधी येते. 1939 साली कुष्ठरोगाने पिडलेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. त्याच आश्रमात वावरलेल्या डॉ. सुशीला नायर पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. नव्या विद्यार्थ्याने प्रथम आश्रमात राहावे, झाडलोट करावी, सूत कातावे, हा तेथला पाठ. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक वर्षाच्या तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे, विद्यार्थ्यांनी त्या गावात मुक्काम करावा, प्रत्येकाने काही घरे आपली मानावीत आणि त्याच घरांत पुनःपुन्हा जावे. 'पुनःपुन्हा' या शब्दाखाली, वाचकहो, मी रेघ ओढून ठेवली आहे.

दुसरे नाव जामखेडचे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य मराठवाड्याच्या शिवेवरच्या या दुष्काळी तालुक्यात आले. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कितीकजणी निरक्षर, कितीकजणी गावाने दूर ठेवलेल्या जातींतल्या. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला याच बाया उभ्या राहू लागल्या! माझ्या मावशीचा प्रश्न, "मला सही येत न्हाई, मी तुला काय शिकवू?", याचे उत्तर जामखेडने असे पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते.

सरकारही स्वस्थ बसले नव्हते. श्रीवास्तव समितीच्या 1975 च्या अहवालानंतर 1977 साली अशी योजना निघाली, की प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आपली मानावीत. त्यासाठी फिरत्या दवाखान्यांच्या मोठमोठ्या गाड्याही दिल्या गेल्या. हेतू उत्तम होता. पण गाडी गावाला जाते. घराशी नाते जोडायला माणूसच लागतो, आणि तोही तोच तोच. योजनेचा उत्साह बहुतेक ठिकाणी हळूहळू मावळला. पुढे कितीतरी वर्षे 'खेड्यातले शिक्षण' म्हणजे बसमधून जाऊन एक सर्वेक्षण उरकणे, असेच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले.

दरम्यान देश म्हातारा होऊ लागला होता. 2011 च्या शिरगणतीत साठी ओलांडलेली माणसे 10 कोटींच्या वर भरली. सरासरी आयुष्य आता 70 च्या घरात गेले आहे. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. आणि 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम सर्व महाविद्यालयांना लागू केला. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून निदान तीन कुटुंबे आपली मानायची आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचे. सेवाग्रामच्या एका अंगणातली रीत अशी त्रेपन्न वर्षांनी साऱ्या देशाचा नियम झाली.

म्हाताऱ्या माणसांना या नियमाचे मोल सर्वांत अधिक आहे, असे मला वाटते. तापाने फणफणलेले पोर आई दवाखान्यात नेते. म्हातारे माणूस जातच नाही. एक तर नेणारा नसतो, आणि असला तरी त्याच्या कामाचा खोळंबा नको म्हणून ते "बरं हाय" म्हणते. त्याचा आजार दवाखान्याच्या टेबलावर दिसतही नाही. तो दिसतो न्हाणीच्या निसरड्या दगडात, न लागलेल्या दिव्यात, फडताळातल्या डब्यात. पहिल्या खेपेला मावशीने डबा दाखवला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला, पोर आपली वाटू लागल्यावर, तो पदरात रिता केला. इतिहासाच्या मास्तराला या साऱ्या सनावळीतून समजले ते एवढेच, की तिसरी खेप झाली नसती तर पहिल्या दोन वाया गेल्या असत्या.

हा नियमही मागच्या योजनांच्या वाटेने जाईल का? सही घेण्यापुरत्या भेटी उरतील का? मी भविष्यवेत्ता नाही. शिवाय त्या मुलीचे शिक्षण एक दिवस संपेल, आणि मावशीची ओसरी तेथेच राहील. तोवर निदान मला एक काम लागले आहे. दर पंधरवड्याला मी चार कोस जातो, चष्मा लावतो आणि डब्यातले प्रत्येक पाकीट बारीक अक्षरांसकट वाचतो.

परवा गेलो होतो. न्हाणीच्या दगडावर आता खरबरीत फरशी बसवली आहे आणि भिंतीला धरायला लोखंडी नळी ठोकली आहे. मावशी चुलीपुढे चकल्या तळत होती. एक लहान डबा तिने निराळा भरून ठेवला होता. मी हात घालू लागलो, तशी तिने हातावर चापट मारली.

"त्याला हात लावू नको. माझ्या डाक्तरणीचा हाय तो. दिवाळी झाली की येते म्हणालीय."