कुत्र्याला घेऊन समुद्रकिनारी जाताय? आधी हे जाणून घ्या

गव्हाण, उलवे, पनवेल भागातून किहीम, अलिबाग, नागाव, काशीदचे किनारे पेण-वडखळमार्गे गाडीने गाठता येतात. त्यामुळे घरच्या कुत्र्यालाही सोबत नेता येतं. मात्र तिथे लाटांइतकंच ऊन आणि खारं पाणीही त्याला धोक्याचं असतं.

ऊन का बाधतं?
कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते अवघड जातं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना जास्तच त्रास होतो. म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच न्या. वाळूवर हाताची मागची बाजू ७ सेकंद ठेवून पाहा. चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतील. बंद गाडीत त्याला एकटं सोडू नका.

समुद्राचं पाणी प्यायला तर?
थोडं पोटात गेलं तरी उलटी-जुलाब होऊ शकतात, जास्त गेलं तर जिवावर बेतू शकतं. दर थोड्या वेळाने गोडं पाणी पाजा.

निघण्यापूर्वी काय कराल?
रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना, ते तपासा आणि लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणी कुत्रा चालतो का, हे फोन करून विचारा. तिथल्या पशुवैद्यकाचा नंबर घेऊन ठेवा.

उष्माघात कसा ओळखाल?
धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, तोल जात असेल तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.