अल-ऐनचे यजमान

परदेशी प्रवाशाने स्थानिक कुटुंबाच्या घरी उतरावे, ही आज प्रवासव्यवसायाची एक शाखा होऊन बसली आहे. परंतु ज्या मुलखाला आपण संयुक्त अरब अमिराती म्हणतो, तेथे एका विहिरीपासून दुसरीचे अंतर उंटाच्या चालीने दिवसांत मोजले जाई, आणि म्हणून अनोळखी वाटसरूला तंबूत घेणे हा औदार्यापेक्षाही जीवनमरणाचा प्रश्न होता. आजचा यजमान उद्या तहानेने व्याकुळ होऊन दुसऱ्याच्या दारी येणार, हे सर्वांनाच ठाऊक असे. तीन दिवस पाहुण्याला येण्याचे प्रयोजन विचारावयाचे नाही, वेलदोडा घातलेला कडू कहवा पुन्हा पुन्हा ओतावयाचा, पाहुण्याने पेला किंचित हलवून परत दिला की तृप्ती समजावयाची, हा शिष्टाचार मनोहर खराच; पण मला त्याहून थोर वाटते ती अमान, म्हणजे अभय, कारण अन्न घेतलेल्या पाहुण्याच्या जीविताची जोखीम यजमानाच्या शिरावर येई, मग तो वैरी टोळीतला का असेना.

या मुलखाच्या किनाऱ्याशी मुंबईचा संबंध जुना. किनाऱ्यावरील शेखांशी इंग्रजांचा १८२० चा तह मुंबईहून गेलेल्या फौजेच्या मोहिमेनंतर झाला, १८७३ पर्यंत आखातातील ब्रिटिश रेसिडेंटाचा कारभार मुंबई सरकारच्या दफ्तराशी जोडलेला होता, आणि रुपया तर १९६६ पर्यंत तेथे चालला. १९३२ साली भारताकडे जाणाऱ्या विमानांच्या उतारूंसाठी शारजाला तटबंदीचे विश्रामगृह उभे राहिले, तेव्हा मुक्कामाची एक नवी, भाडोत्री तऱ्हा तेथे आली.

जुन्या तऱ्हेची साक्ष विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) या ग्रंथात ठेवली आहे. १९४८ च्या आरंभी रुब-अल-खालीचे वाळवंट ओलांडताना लैला गावी त्याला ख्रिस्ती म्हणून झिडकारण्यात आले. पुढे अबुधाबीत तेथील शासक शेख शखबूत यांनी त्याची व त्याच्या बदू सोबत्यांची उतरण्याची सोय केली, आणि मग अल-ऐनच्या मरूद्यानातील मुवैजीच्या किल्ल्यापुढे, काटेरी झाडाखाली रयतेसमवेत बसलेले शखबूत यांचे बंधू शेख झायेद त्याला भेटले. १९४६ पासून अल-ऐनचा अंमल पाहणाऱ्या या शेखांच्या दारी फिर्यादी आणि पाहुणा दोघांनाही सारखीच वाट मोकळी होती. एकाच धर्माची माणसे, एकच वाळवंट, आणि तरीही एका गावी तिरस्कार व दुसऱ्या गावी आसरा. पाहुणचाराची चाल सर्वत्र एक असली तरी ती पाळण्याचे बळ माणसामाणसांत निराळे असते, असे मी मानतो.

याच बळाचा पुढचा प्रत्यय १९६० साली आला. पॅट व मॅरियन केनेडी या अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्याला अल-ऐनला बोलावण्यात आले, तेव्हा त्या भागात इस्पितळ नव्हते आणि बाळंतिणी व अर्भके मोठ्या संख्येने दगावत. झायेदांनी आपला मातीच्या विटांचा मेहमानखानाच त्यांच्या स्वाधीन केला, आणि तेथेच ओॲसिस इस्पितळ सुरू झाले. १९६१ च्या मार्चमध्ये या इस्पितळात जन्मलेले झायेदांचे पुत्र मोहम्मद २०२२ पासून अमिरातीचे राष्ट्राध्यक्ष आहेत.