रान, सावज आणि हक्क : रिठदच्या शिवारातून दिसणारा शिकारीचा इतिहास

सार्वजनिक जमिनीवर शिकार करणारा माणूस ती जमीन जणू आपलीच आहे अशा थाटात वागतो, गुराख्याला किंवा दुसऱ्या शिकाऱ्याला हटकतो आणि प्रसंगी दमदाटीवर उतरतो, ही तक्रार अनेक देशांत ऐकू येते आणि तिचे कारण बहुधा त्या माणसाच्या स्वभावात शोधले जाते. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावाभोवतीच्या मुलखाचा इतिहास मात्र वेगळी दिशा दाखवतो. या मुलखात शिकाऱ्याची वागणूक प्रत्येक काळी दोन गोष्टींवर ठरत आली: रानात शिरण्याचा हक्क त्याला कोणी दिला, आणि त्या हक्काचा जाब त्याला कोणापुढे द्यावा लागत होता.

रिठद हे रिसोड तालुक्यातील गाव असून ते वऱ्हाडच्या ज्या भागात मोडते त्याला पूर्वी बालाघाट म्हणत. पूर्णा नदीचे सखल, काळ्या मातीचे खोरे म्हणजे पाईनघाट आणि त्याच्या दक्षिणेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार म्हणजे बालाघाट, अशी ही जुनी विभागणी होती. या पठारावर पैनगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी कसदार जमीन आहे, तर उंचवट्यांवर पातळ मातीचे, कुसळी गवताचे माळ आहेत; काळवीट, चिंकारा, रोही म्हणजे नीलगाय, ससा, तितर आणि लावा यांचा वावर प्रामुख्याने अशा माळांवर आणि त्यांना लागून असलेल्या शेतांत राहिला. गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला पश्चिम विदर्भात आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. जुन्या महसुली वर्गवारीतून आलेला हा शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात इतका मुरला आहे की गायरान या शब्दाची तिथे फारशी गरज पडत नाही. शिकारीचे तंटे समजून घेताना ही ई-क्लास जमीन विशेष महत्त्वाची ठरते, कारण ती कोणा एकाची नसते आणि म्हणूनच तिच्यावर दावा सांगणारे अनेक असतात.

शिकाऱ्यांच्या आपसांतील चढाओढीचा एक जुना मराठी पुरावा ‘लीळाचरित्रा’त सापडतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे संकलित केलेल्या या ग्रंथात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या भ्रमंतीच्या आठवणी आहेत, आणि त्या भ्रमंतीत रिठदपासून फार दूर नसलेली मेहकर आणि लोणार ही ठिकाणेही येतात. त्यातील एका लीळेत पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो आणि पारधी तो परत मागतात. हा ससा पैजेचा आहे, त्याच्यावरून आपसांत शस्त्रे निघण्याची वेळ येईल, असे त्यांचे म्हणणे असते. ही कथा अहिंसेच्या उपदेशासाठी सांगितली गेली असली तरी तिच्यातून तत्कालीन समाजव्यवहाराची एक बाजूही कळते: सावजावरचा हक्क ही प्रतिष्ठेची बाब होती, त्यावरून रक्त सांडू शकत होते, आणि हा हट्ट सोडवण्यासाठी दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा तिऱ्हाइताची गरज पडत होती.

असा तिऱ्हाईत प्रत्येक शिकारीच्या वेळी हजर असणे शक्य नसल्यामुळे शिकारीवर जगणाऱ्या समाजांनी तंटा उद्भवण्याआधीच तो टाळण्याच्या रीती घडवल्या. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील जातीजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात पारधी समाजाचे जे पोटभेद नोंदवले आहेत, त्यांतील बरेच शिकारीच्या साधनांवरून किंवा पद्धतीवरून पडलेले आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी. पाळलेल्या चित्त्याकरवी हरणे धरणारे ते चितापारधी. आणि शिकवलेल्या गुराच्या आडोशाने सावजाजवळ सरकणाऱ्यांचाही एक वेगळा गट होता. साधन वेगळे म्हणजे बहुतेक वेळा सावज वेगळे आणि शिकारीची जागाही वेगळी, असा या भेदांचा व्यावहारिक अर्थ होता.

या व्यवस्थेचा पद्धतशीर अभ्यास कैलाश मल्होत्रा, एस. बी. खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तीन भटक्या समाजांबाबत केला आणि तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच मुलखात फिरत असूनही फासेपारधी मुख्यतः फाशांनी हरणे आणि पक्षी धरत, नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड मारत, तर वैदू सापळ्यांनी मुंगूस व रानमांजरासारखे छोटे मांसाहारी प्राणी पकडत आणि पाण्यातील जीवही मिळवत, असे त्यांना आढळले. याच्या जोडीला एका समाजातील निरनिराळ्या कुटुंबांनी कोणत्या गावांच्या टापूत फिरावे हेही वंशपरंपरेने ठरलेले असे, आणि ही मर्यादा ओलांडणाऱ्याला जातपंचायतीसमोर उभे राहावे लागे. फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून देण्याची फासेपारध्यांची रीतही या अभ्यासकांनी नोंदवली आहे. ज्या कुटुंबाला पुढच्या वर्षी त्याच माळावर परत यायचे आहे आणि तिथे दुसरे कोणी फासे लावणार नाही याची ज्याला खात्री आहे, त्याला आज सोडलेले पाडस उद्याची मिळकत वाटते. ही खात्री नसलेल्याला ते पाडस दुसऱ्याच्या पदरात पडणारे मांस वाटते. टापूवरचा दावा इथे संयमाला पोषक ठरत होता, तो यामुळे.

ही व्यवस्था आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही. जातपंचायतींचे दंड अनेकदा कठोर असत, भटक्यांना गावाच्या वेशीबाहेरच थांबावे लागे, आणि पिकात शिरलेल्या शिकाऱ्याला हुसकावून लावण्याची ताकद शेतकऱ्याकडे होती, तशी उलट दिशेने पारध्याकडे नव्हती. पण याच विषमतेमुळे शिकाऱ्याला गावाशी नमते घेऊन वागावे लागे, कारण गावाची नाराजी ओढवून घेऊन त्या शिवारात मुक्काम करणे त्याला परवडणारे नव्हते. टापू ठरलेला, सावज वाटलेले आणि जाब विचारणारे जवळचे, अशी ती तिहेरी चौकट होती.

या चौकटीला पहिला मोठा धक्का एकोणिसाव्या शतकात बसला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली दिले, १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली, आणि १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र वनकायदा लागू झाला. सरकारी जंगलांची अ, ब आणि क अशी वर्गवारी झाली. पहिला वर्ग इमारती लाकूड आणि जळणासाठी, दुसरा रमण्यांसाठी, म्हणजे कापणीच्या गवताच्या राखीव कुरणांसाठी, आणि तिसरा चराईसाठी. आतापर्यंत वहिवाटीने वापरल्या जाणाऱ्या रानाच्या कडेला आता नकाशावरची रेघ आली आणि त्या रेघेच्या आत काय करावे हे वनखाते ठरवू लागले. रानटी जनावर जिवंत आणि मोकळे असेपर्यंत कोणाच्याच मालकीचे नसते आणि पकडले किंवा मारले की हाती येणाऱ्याचे होते, हे इंग्रजी कायद्यातील तत्त्व याच काळात रुजले. त्यामुळे सावजाच्या मालकीपेक्षा सावजापर्यंत पोहोचण्याचा परवाना मोलाचा झाला.

मध्यप्रांतातील राखीव जंगलांत शिकारीसाठी ‘ब्लॉक’ ठरवले जात. ब्लॉक म्हणजे आखून दिलेला वनविभागाचा तुकडा, जो ठरावीक मुदतीसाठी एका शिकाऱ्याच्या किंवा एका मंडळीच्या नावे राखला जाई. ही पद्धत शिकाऱ्यांमधील आपसांतले तंटे टाळण्यासाठी सोयीची होती आणि त्या दृष्टीने ती जुन्या टापूंची लेखी आवृत्तीच म्हणता येईल. फरक जबाबदारीत होता. पारध्याला ज्या गावात परत यायचे असे त्या गावापुढे तो जबाबदार होता. ब्लॉक घेणारा साहेब दूरच्या कचेरीपुढे जबाबदार होता आणि मुदत संपताच निघून जात होता. हाकाऱ्यांसाठी, म्हणजे आरडाओरडा करीत सावज मचाणाकडे पिटाळणाऱ्या माणसांसाठी, तो गावावरच अवलंबून असे, आणि ही माणसे पुष्कळदा वेठीने धरली जात.

लष्करी शिकारमंडळींनी जबाबदारीचा हा प्रश्न आणखी तीव्र केला. निजामाच्या नावाने उभारलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च वऱ्हाडच्या वसुलातून भागवला जाई आणि तिची एक छावणी वाशीमच्या दक्षिणेला हिंगोली येथे होती. हिंदुस्थानात इतरत्र गोऱ्या शिपायांच्या शिकारीच्या सहलींवरून गावकऱ्यांशी वारंवार चकमकी उडाल्या, त्यांत गावकरी जखमी झाले आणि मेलेही, तेव्हा सरकारला शिपायांसाठी शिकारीच्या पासांचे नियम करावे लागले आणि व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीत ते अधिक कडक झाले. गावाजवळ गोळी झाडू नये, मोरासारख्या लोकांना पवित्र वाटणाऱ्या प्राण्यांना मारू नये, अशा सूचना त्यांत होत्या. परवाना खिशात असलेल्या माणसाला शिष्टाचार शिकवण्यासाठीही सरकारला नियम लिहावे लागले, यातच परवाना-पद्धतीची उणीव दिसते.

याच सुमारास जुना शिकारी आपल्याच मुलखात उपरा ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११ व १९२४ च्या सुधारित आवृत्त्यांनी ज्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत अनेक ठिकाणचे पारधी होते. वऱ्हाडच्या पोलीसदलातील मेजर गंथॉर्प यांनी १८८२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातही त्यांची गणना अशाच रीतीने झाली. हजेरी आणि पास यांच्या बंधनांमुळे त्यांचे ठरलेले फिरणे मोडले, आणि फिरणे मोडल्याबरोबर टापूंची वाटणीही निरर्थक झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आवश्यक केल्यामुळे ज्याच्याकडे पत आणि ओळख होती त्याच्या हाती बंदूक आली. फाशांनी हरीण धरणारा संशयित ठरला आणि बंदुकीने मारणारा शौकीन गृहस्थ. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याने बदललेली प्रतिष्ठेची उतरंड त्याबरोबर रद्द झाली नाही.

स्वातंत्र्यानंतरची दोन दशके माळरानाच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरली. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका, त्यांत ठासणीच्या बंदुकाही आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सहज मिळू लागलेल्या जीपगाड्या यांच्या जोडीने रात्री प्रखर दिव्याच्या झोतात हरणांचे कळप टिपणे सोपे झाले. वन्यजीव-अभ्यासक ई. पी. जी यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात देशभरातील या संहाराकडे लक्ष वेधले. मोटारीतून आलेल्या शिकाऱ्याला ना टापू होता, ना मुदत, ना गावाशी संबंध. त्याची अरेरावी कोणत्याही दाव्यावर उभी नव्हती. वेग आणि शस्त्र एवढेच तिचे भांडवल होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हा सारा खेळ तत्त्वतः थांबवला. शिकारीवर सर्वसाधारण बंदी आली, आणि बेकायदा मारलेले जनावर मारणाऱ्याचे न राहता राज्य सरकारची मालमत्ता ठरले. रानटी जनावर हाती येईल त्याचे, हे जुने तत्त्व अशा रीतीने उलटवले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचे इतर पारंपरिक हक्क मान्य करतानाही शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. आज रिठदच्या ई-क्लासवर फासे किंवा बंदूक घेऊन आलेल्या कोणाचाही तिथे शिकारीचा दावा उरलेला नाही, आणि त्याच्याशी जागेवर वाद घालत बसण्याऐवजी वनखात्याला, उदाहरणार्थ १९२६ या मदतक्रमांकावर, कळवणे हा गावकऱ्यासाठी सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे.

तरीही एक फट उरली आहे. सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची नासधूस करणाऱ्या रानडुकरांना व रोह्यांना मारण्याची परवानगी कायद्याच्या अकराव्या कलमाखाली अधिकृत अधिकारी देऊ शकतो, आणि शेतकऱ्याजवळ बहुधा बंदूक नसल्यामुळे ती चालवायला बाहेरचा परवानाधारक येतो. अशा वेळी ब्लॉक घेणाऱ्या साहेबाचा दोष पुन्हा डोके वर काढू शकतो, कारण परवानगी शेताच्या नावे असते, तर गोळी कोठून, केव्हा आणि कोणत्या दिशेने सुटावी हे ठरवण्यात शेजारच्या गुराख्याला स्थान नसते.

या इतिहासाचा उपयोग इथेच आहे. वाशीम जिल्ह्यातच कारंजा तालुक्यात काळविटांसाठी २००० मध्ये सोहोळचे अभयारण्य घोषित झाले, आणि कारंज्याच्या ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरान आणि तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या रक्षणाचे काम केले. माळाची खडान्‌खडा माहिती असलेला शिकारी राखणदारही होऊ शकतो, हे त्या कामाने दाखवले. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत असलेली व्यवस्थापन समिती ई-क्लासवरील प्राणी-पक्ष्यांची नोंद ठेवू शकते, आणि पीकसंरक्षणाच्या प्रत्येक परवानगीची तारीख व जागा ग्रामसभेला आधी कळवावी, असा आग्रह गाव धरू शकते. जातपंचायतीचा दंड परत आणण्याची गरज नाही आणि तो परत येऊही नये. पण त्या जुन्या चौकटीतील एक गोष्ट घेण्याजोगी आहे, ती म्हणजे रानात शिरणाऱ्याने आधी त्या रानात गुरे चारणाऱ्यांना तोंड दाखवावे आणि काम झाल्यावर त्यांनाच जाब द्यावा. हा जाब जिथे उरत नाही, तिथे शिकाऱ्याच्या शिष्टाचाराबद्दलच्या उपदेशाला अर्थ राहत नाही, हे बालाघाटाच्या माळांवरील इतिहासातून निघणारे अनुमान आहे.